एफ-वनचं इंजिन, ई२० पेट्रोल आणि अमरावती-अकोला रोडवरची आपली गाडी

"भाऊ, ते फॉर्म्युला वनवाले बी म्हणते आता इथेनॉलवरच गाड्या पळवून रायले. मंग आपल्याच गाडीले काय धाड भरली?"

अमरावतीत बाइक सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा मिस्त्रीने मला हा प्रश्न विचारला. माझी बाइक २०१४ ची, १०० सीसी, कार्बुरेटरवाली. तक्रार साधीच होती, ॲव्हरेज कमी झालंय. हीच तक्रार घेऊन त्याच्याकडे रोज दोन-चार गाड्या येतात. त्यात कुणीतरी त्याला एक रील फॉरवर्ड केली होती: रेसच्या गाडीचं फुटेज, आणि खाली मोठ्या अक्षरांत, एफ-वन इथेनॉलवर चालते तर तुमची का नाही?

तेव्हा मी काही बोललो नाही. दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतंच. रील अर्धी खरी आहे, आणि जो अर्धा भाग तिने गाळला त्यातच आपल्या गाडीच्या कुरकुरीचं कारण आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी एफ-वनमध्ये नेमकं काय बदललं ते बघू. २०२६ च्या हंगामापासून तिथे नवीन नियम लागू झाले. इंजिन दिसायला तेच आहे, १.६ लिटरचं व्ही६ टर्बो. म्हणजे मापाने आपल्याकडच्या एखाद्या मध्यम एसयूव्हीएवढंच. पण आतली वाटणी पूर्ण बदलली. आधी गाडीच्या मागच्या चाकांना मदत करणारी इलेक्ट्रिक मोटर १२० किलोवॅटची होती, ती आता ३५० किलोवॅटची झाली. त्या बदल्यात पेट्रोल इंजिनाची ताकद उतरवली. आता जवळपास अर्धा जोर पेट्रोलचा आणि अर्धा विजेचा. आणि तिसरा बदल, ज्यावर रील बनली: इंधन शंभर टक्के 'सस्टेनेबल' असलं पाहिजे.

सस्टेनेबल म्हणजे इथेनॉल नव्हे, इथेच रील घसरली. २०२२ ते २०२५ या काळात एफ-वनच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असायचं, म्हणजे ई१०. आताचं इंधन हे प्रयोगशाळेत जुळवलेलं पेट्रोलच आहे. फक्त त्यातला कार्बन जमिनीखालच्या कच्च्या तेलातून काढायचा नाही. तो हवेतून पकडलेला असावा, किंवा शहराच्या कचऱ्यातून, किंवा खाण्यात न येणाऱ्या शेतमालाच्या उरल्यासुरल्या भागातून आलेला असावा. ऊस, मका, तांदूळ असलं काही पिळून केलेलं इंधन त्यात बसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पऱ्हाटीपाशी पुन्हा येईन.

इथेनॉलवर खरोखर रेस करणारे वेगळेच. अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेने २००७ मध्ये शुद्ध इथेनॉल वापरलं, पुढे २०१२ पासून काही वर्षं ई८५. नासकार २०११ पासून ई१५ वर आहे. तेव्हा "रेसच्या गाड्या इथेनॉलवर पळतात" हे वाक्य खोटं नाही. नाव चुकलं एवढंच.

रेसचं काय आपल्या गाडीत येतं?

आपल्याकडे टाकीवर लाल पट्टा मारला आणि 'रेसिंग डीएनए' लिहिलं की गाडी पाच-सात हजारांनी महाग होते. मला या स्टिकरचा राग आहे, कारण खरी देवाणघेवाण बाहेरून दिसतच नाही.

एकच उदाहरण देतो. तुमच्या किंवा मित्राच्या बाइकवर '४व्ही' किंवा 'फोर व्हॉल्व्ह' लिहिलेलं असेल. एका सिलेंडरला चार व्हॉल्व्ह, दोन आत हवा-पेट्रोल घ्यायला आणि दोन धूर बाहेर टाकायला. इंजिनाला श्वास मोकळा मिळतो, म्हणून त्याच सीसीत जास्त ताकद निघते. वर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलेंडरला चार व्हॉल्व्ह ही मांडणी प्यूजोने १९१२ च्या आपल्या ग्रांप्री रेसच्या गाडीत केली होती. तिथून ती दीड-दोनशे सीसीच्या बाइकमध्ये, म्हणजे राजकमल चौकातल्या सिग्नलवर उभ्या असलेल्या पोराच्या गाडीत यायला जवळपास एक शतक लागलं. रेसमधून रस्त्यावर येणं असतं ते असं, हळू. यंदा ट्रॅकवर दिसलं आणि पुढच्या दिवाळीला शोरूममध्ये आलं, असं होत नाही.

कधीकधी तर उलटंच होतं. हायब्रिड हे रेसमधून आलं असं बऱ्याच जणांना वाटतं. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ ला विकायला आली. एफ-वनमध्ये ब्रेकची ऊर्जा साठवून परत वापरणारी यंत्रणा आली २००९ ला. म्हणजे बारा वर्षं उशिरा. रस्त्यावरच्या गाडीने रेसला शिकवलं.

आणि काही गोष्टी मधेच अडकतात. २०१४ ते २०२५ च्या एफ-वन इंजिनांत एमजीयू-एच नावाचा भाग होता. टर्बोच्या दांड्यावर बसवलेली एक मोटर, जी सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर वीज बनवायची. कमाल हुशारीची वस्तू, पण प्रचंड महाग आणि अवघड. मर्सिडीजने तिचा धाकटा भाऊ म्हणता येईल असा इलेक्ट्रिक टर्बो आपल्या काही एएमजी गाड्यांत आणला, त्यापलीकडे ती फार पसरली नाही. २०२६ च्या नियमांत तो भाग काढूनच टाकला. आउडी या खेळात उतरायला तयार झाली त्यामागे हा निर्णय होता. होंडाने २०२० मध्ये जाहीर करून टाकलं होतं की आम्ही चाललो, आता कार्बन कमी करण्याकडे लक्ष देणार. तीच होंडा नवीन नियमांत वीज आणि सस्टेनेबल इंधन पाहून परत आली. कंपन्या एवढा पैसा ओततात तेव्हा त्यांना शोरूममध्ये दाखवण्यासारखं काहीतरी हवं असतं. रेनॉने मात्र २०२५ अखेर इंजिन बनवणं थांबवलं. सगळ्यांचाच हिशेब जुळत नाही.

बॅटरीबाबत एक मजा सांगतो. एफ-वनच्या बॅटरीतून एका वेळी वापरता येणारी ऊर्जा फक्त ४ मेगाज्यूल, म्हणजे १.१ युनिट वीज. तुमच्या घरासमोर उभी असलेली ३ युनिटची इलेक्ट्रिक स्कूटर तिच्यापेक्षा मोठी टाकी घेऊन फिरते! पण ३५० किलोवॅटने खेचलं तर एफ-वनची ती बॅटरी साडेअकरा सेकंदांत रिकामी होते, आणि ब्रेक मारता मारता पुन्हा भरते, प्रत्येक फेरीत. इतक्या वेगाने भरणं-उपसणं आणि तरी बॅटरी तापून खराब न होऊ देणं, हे आहे शिकण्यासारखं. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा भर दुपारी उभी केलेली स्कूटर चार्ज करणाऱ्याला हा प्रश्न किती जवळचा आहे ते वेगळं सांगायला नको.

एका थेंबाचा हिशेब

आता पेट्रोलकडे येऊ, कारण मिस्त्रीचा प्रश्न तिथे आहे.

एफ-वनची एक रेस साधारण ३०५ किलोमीटरची असते. अमरावती ते अकोला साधारण शंभर धरा, म्हणजे जाणं, येणं आणि पुन्हा जाणं. मागच्या वर्षापर्यंत एवढ्या अंतराला जास्तीत जास्त ११० किलो पेट्रोल वापरायची मुभा होती, म्हणजे दीडशे लिटरच्या जरा आत. ॲव्हरेज निघतं लिटरला दोन किलोमीटर. ऐकून हसू येतं. पण हेच इंजिन थेंबाचा वापर करण्यात आपल्या गाडीच्या कितीतरी पुढे आहे. मर्सिडीजने २०१७ मध्ये आपल्या एफ-वन इंजिनाने चाचणीत ५० टक्के कार्यक्षमता गाठल्याचं सांगितलं. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलपैकी पन्नास रुपये चाकाच्या कामी आले. रस्त्यावरच्या साध्या पेट्रोल गाडीत हा आकडा तीस-पस्तीसच्या आसपास असतो, बाकीचे पैसे रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उडतात. एफ-वनचं ॲव्हरेज खराब आहे ते वेगामुळे. इंजिन उधळं नाही.

हे जमतं कसं? एक कारण म्हणजे कम्प्रेशन रेशो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडण्याआधी किती पट दाबलं जातं, तो आकडा. जितकं जास्त दाबाल तितकं त्याच थेंबातून जास्त काम निघतं. आपल्या १०० सीसीच्या बाइकमध्ये हा आकडा दहाच्या आसपास असतो. एफ-वनमध्ये आधी मर्यादा १८ होती, २०२६ पासून १६ केली. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच भांडण लागलं. मोजमाप तेव्हा इंजिन थंड असताना व्हायचं, पण गरम झाल्यावर धातू फुगतो, त्याचा फायदा घेऊन मर्सिडीज १६ च्या पुढे जाते असा आक्षेप बाकीच्यांनी घेतला. एवढ्याशा आकड्यावरून एवढं रण का, तर तोच आकडा ताकदही देतो आणि पेट्रोलही वाचवतो.

मग आपल्या बाइकमध्येही १६ का करत नाहीत? कारण जास्त दाबलं की मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्वाला पोहोचायची वाट न बघता आपोआप पेटतो. त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की इंजिनातून खडखड येते, तेच. बाहेरची हवा गरम असली की ते आणखी वाढतं. हे टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, संयम. म्हणून दहा कम्प्रेशनच्या बाइकमध्ये १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकून काही होत नाही. ज्या इंजिनाला घाईच नाही त्याला संयम शिकवून काय उपयोग?

आणि इथे इथेनॉलची चांगली बाजू येते. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त आहे. शिवाय ते वाफ होताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते. उन्हाळ्यातल्या माठासारखं. सरकारनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुलासा करताना हेच सांगितलं: आपलं साधं पेट्रोल पूर्वी ८८ ऑक्टेनचं होतं, बीएस६ साठी ९१ झालं, ई२० मुळे ९५ पर्यंत गेलं. ते बरोबरच आहे.

वाईट बाजू अशी की इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं की प्रत्येक लिटरमागे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी, ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हा तोटा भरून काढायचा एकच रस्ता आहे. इंजिनाचं कम्प्रेशन वाढवा, ठिणगीची वेळ बदला, म्हणजे जास्तीच्या ऑक्टेनचा फायदा वसूल होईल. रेसवाले हेच करतात. मर्सिडीजचे लोक पेट्रोनासबरोबर, फेरारीचे शेलबरोबर, आउडीचे बीपीबरोबर बसून आधी इंधन ठरवतात आणि त्याच्याभोवती इंजिन घडवतात. इंधन आणि पिस्टन एकमेकांना भेटूनच जन्माला येतात.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. करोडो गाड्या आधी विकल्या गेल्या, आणि त्यांच्या टाकीतलं इंधन नंतर बदललं.

आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. नीती आयोगाचा इथेनॉलचा आराखडा जून २०२१ मध्ये आला. त्यात स्पष्ट लिहिलंय की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकी गाड्यांचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के आणि तशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्के घसरेल. एप्रिल २०२३ पासूनच्या नवीन गाड्यांचे रबर-प्लॅस्टिकचे भाग ई२० ला टिकतील असे, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनच ई२० साठी जुळवलेलं, असा टप्पा ठरला. जुन्या गाड्यांसाठी ई१० मिळत राहावं हेही त्यात होतं. ऊर्जा कमी तर भावही त्या हिशेबात कमी हवा, तशी करसवलत द्यावी, हेही होतं. नवीन गाड्यांचं वेळापत्रक पाळलं गेलं. पण २० टक्क्यांचं लक्ष्य, जे आधी २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं आणि पंपावर ई१० चा वेगळा पाइप काही राहिला नाही. माझ्या मते वादाचं मूळ इथेनॉलमध्ये नाही, या गाळलेल्या दोन ओळींत आहे.

शुद्ध पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. खंडपीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते, म्हणजे आपल्या अमरावतीचेच. त्यामुळे इथे चहाच्या टपरीवर त्या दिवशी विषय जरा जास्तच रंगला.

रुपयांत सांगायचं तर असं. अमरावती-अकोला रोज अप-डाउन करणारा एखादा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह धरा, दिवसाला २०० किलोमीटर. गाडी साठचं ॲव्हरेज देत होती, ५ टक्के घसरून ५७ झालं. दिवसाला पावणेदोनशे मिलिलिटर जास्त लागतं. महिन्यात २५ दिवस धरले तर चार लिटरच्या वर, म्हणजे शंभर रुपये लिटर धरला तरी ४४० रुपयांच्या आसपास. गाडी बंद पडत नाही, इंजिन फुटत नाही, रीलवाले म्हणतात तसं काहीच होत नाही. पण मोबाइलच्या रिचार्जपेक्षा मोठी रक्कम दर महिन्याला गुपचूप जाते, आणि पंपावरच्या पाटीवर ती कुठेच दिसत नाही.

आकड्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय या रस्त्यानेच मला लावली. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच अमरावती-अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नोंद झाली. काम खरंच मोठं होतं. पण ते ७५ किलोमीटर एका लेनचे, दोन लेनच्या हिशेबाने साडेसदतीस. विक्रम खोटा ठरत नाही, फक्त आपण काय मोजतोय ते कळतं. ई२० चे आकडेही असेच वाचावे लागतात: "ॲव्हरेज फक्त १ ते २ टक्के घसरतं" हे ई१० साठी बनलेल्या आणि ई२० ला जुळवलेल्या चारचाकीबद्दल आहे. माझ्या २०१४ च्या बाइकबद्दल नाही.

आता पऱ्हाटी. एफ-वनचं इंधन खाण्याच्या पिकातून नको, असा नियम आहे हे वर सांगितलं. आपलं इथेनॉल आज मुख्यतः ऊस, मका आणि तांदळातून येतं. वऱ्हाडात ऊस फारसा नाही. इथे कापूस आणि तूर. वेचणी संपली की पऱ्हाट्या आणि तुराट्या उपटून थोड्या चुलीला जातात, बाकीच्या बांधावर पेटवून दिल्या जातात. शास्त्राच्या हिशेबाने हा नेमका तोच माल आहे ज्यातून एफ-वनला चालेल असं इंधन बनू शकतं. अशक्य नाही हे पानिपतने दाखवलंय. तिथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, वर्षाला ३ कोटी लिटरच्या क्षमतेचा. पण पऱ्हाटी पेंढ्यापेक्षा कितीतरी टणक. तिच्यातल्या लाकडी भागातून साखर सोडवून घेणं अवघड आणि खर्चाचं काम, शिवाय शेताशेतांतून ती गोळा करून आणायची कोण आणि कास्तकाराला किलोमागे काय मिळणार? तरी मला वाटतं, रेसच्या त्या झगमगाटातून वऱ्हाडाने उचलावं असं काही असेल तर ते लाल पट्ट्याचं स्टिकर नाही, हा नियम आहे. हंगामाला अकरा टीम आणि पाच इंजिन कंपन्या असल्या इंधनावर पैसा लावतात तेव्हा ते बनवण्याची रीत हळूहळू स्वस्त होऊ शकते. चार व्हॉल्व्हला शतक लागलं होतं, यालाही वेळ लागेल.

तोवर जुन्या गाडीचं काय करायचं, हे विचाराल. आधी पेट्रोलच्या झाकणाजवळ किंवा मॅन्युअलमध्ये ई२० लिहिलंय का बघा. असेल तर विषय संपला. गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस६, असेल तर बहुधा फ्युएल इंजेक्शन आहे आणि सायलेन्सरजवळचा सेन्सर मिश्रण बऱ्यापैकी सांभाळून घेतो. खरी अडचण कार्बुरेटरवाल्यांची. इथेनॉल सोबत स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून त्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं. पण कार्बुरेटरच्या जेटचं छिद्र ठरलेलं, ते काही मोठं होत नाही. मिश्रण पातळ पडतं, सकाळी गाडी चटकन उठत नाही, ॲक्सिलरेटर पिळल्यावर क्षणभर अडखळते. पाइप आणि वॉशरही पाहून घ्या. सरकारच्या खुलाशातही जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात असं म्हटलं होतं. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत अर्धवट पेट्रोल सोडू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

मिस्त्रीला मी हे सगळं एका रविवारी सांगितलं. त्याने ऐकता ऐकता माझ्या गाडीचा प्लग काढला, उजेडात धरून पाहिला. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढरं पडलं असेल तर पातळ. रेसचे मेकॅनिकही कितीतरी वर्षं असाच प्लग वाचत आले. माझा बराचसा पांढरा होता.

"जेट एक नंबर मोठा टाकून पाहू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी तो कडक झालेला पेट्रोलचा पाइप बदल आणि कार्बुरेटर साफ कर, पाचशे किलोमीटर चालवतो, मग प्लग पुन्हा बघू. जेट बदलला की धुराचं प्रमाणही बदलतं, आणि पीयूसीला गाडी अडकली तर पुन्हा त्याच्याकडेच यावं लागेल.